चारुलताबाईंचा शब्दसंग्रह

चारुलताबाईंनी धडगावजवळच्या एका पाड्यावर बावीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. पहिल्याच वर्षी त्यांच्या ध्यानात आलं, की पुस्तकात आईचं चित्र दाखवून 'ही कोण?' विचारलं तर मुलं गप्प बसतात. आई त्यांना ठाऊक नव्हती असं नाही, घरी मुलं तिला 'याहा' म्हणत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कालीबाईनं हे बाईंना हसत हसत सांगितलं. त्या दिवसापासून बाई मुलांच्या घरच्या बोलीतले, पावरी शब्द वहीत लिहायला लागल्या. कालीबाई चुलीपाशी बसून सांगायची, बाई लिहायच्या. पुढे मोबाइल आला तेव्हा तिचा आवाजही रेकॉर्ड व्हायला लागला.

निवृत्तीनंतर त्या पुरुषोत्तमनगरला नवऱ्याकडे कायमच्या राहायला आल्या. मोतीलालनाना साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, तेही निवृत्त झाले होते. समोरच्या खोलीत बाईंनी कम्प्युटर मांडला आणि वह्यांतले शब्द एकेक करून त्यात घातले, जुन्या मोबाइलमधले आवाजही. चार हजारांवर शब्द झाले. आता पाड्यावरच्या मुलांसाठी त्याचं छोटं पुस्तक करायचं होतं.

आणि एका सोमवारी सकाळी कम्प्युटर सुरूच होईना. निळा पडदा यायचा, काहीतरी इंग्रजी ओळी दिसायच्या, यंत्र आपोआप बंद व्हायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा निळा पडदा.

"काय झायं?" नानांनी दारातूनच, घरच्या अहिराणीत विचारलं.

"देखा ना, नुसतं निळं दिसी ऱ्हायनं." बाईंचा आवाज बारीक झाला होता.

शहाद्याच्या दुरुस्तीवाल्यानं यंत्र उघडून पाहिलं. "फॉर्मॅट मारावा लागेल बाई. आतलं सगळं जाईल. कॉपी असेल ना तुमच्याकडे?"

कॉपी होती, दीड वर्षापूर्वीची. तेव्हा शब्द निम्मेही नव्हते, आणि आवाज तर तीत नव्हतेच. वह्या उतरवून झाल्या तसतशा पाड्यावरच्या शाळेच्या कपाटात नेऊन ठेवलेल्या, त्यांना वाळवी लागली होती. बाईंनी फॉर्मॅट करू दिला नाही. यंत्र रिक्षात घालून परत आणलं आणि होतं त्या जागी ठेवून दिलं.

त्यानंतरचे चार दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. बाई वरण-भात ताटात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मन्हीच चूक शे. जुनं यंत्र. दर महिनाले कॉपी कराले पाहिजे व्हती. मास्तरीण म्हनावनी अन् एवढं बी समजनं नही."

नाना मान खाली घालून भात कालवत राहायचे. शुक्रवारी दुपारी बाईंनी तेच वाक्य पुन्हा सुरू केलं तेव्हा मात्र नानांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुन्ही चूक नही शे," ते म्हणाले. "मी करं ते. सोमवारे सकाळे सयपाकघरमानी ट्यूब बदलाले मी मेन स्विच बंद करा. तुन्हा कम्प्युटर चालू व्हता. पडदावर काहीतरी गोल गोल फिरी ऱ्हायनं व्हतं. मी म्हनं, फिरू दे."

सोमवारी सकाळी बाई अंघोळीला गेल्या होत्या. कम्प्युटर तेव्हा स्वतःला अपडेट करत होता, आणि नानांनी त्याच क्षणी वीज तोडली होती.

"चार दिन गप बठनात तुमी?"

"माले भीती वाटनी."

बाई ताटावरून उठल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मागच्या दारी जाऊन त्यांनी वाळत घातलेले, अजून ओले असलेले कपडे काढून आणले आणि त्यांच्या घड्या घालत बसल्या. चौतीस वर्षांच्या संसारात नानांनी त्यांना एवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं. पाड्यावर नोकरी करताना बाई शनिवारी संध्याकाळी जीपनं उतरायच्या आणि दारात चपला काढायच्या आधीच बोलायला लागायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना सायकल काढून कारखान्यात गेले. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत आता यामिनी प्रमुख होती. ती नवखी असताना उसाचा रस तपासायला नानांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी तिला सगळं सांगितलं, मेन स्विचसकट.

"डिस्क बिघडली नसेल सर," यामिनी म्हणाली. "सिस्टिम बिघडली असेल. घर आतून कुलूप लागल्यासारखं झालंय, सामान आतच आहे. आपण दुसऱ्या दारानं जाऊ." तिनं स्वतःच्या पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे तिथूनच चालणारी वेगळी सिस्टिम, घालून दिलं. यंत्र सुरू होताना कोणतं बटण दाबायचं, पडद्यावर काय येईल, ते कागदावर लिहून दिलं. एका ओळीखाली तिनं दोन रेघा ओढल्या: 'आधी फक्त वापरून पाहा. डिस्कवर बसवू नका.'

नानांनी घरी येऊन तो कागद बाईंसमोर ठेवला. बाईंनी वाचला.

"आते हात लावानं काय कारण शे?"

"तू बठ. तू सांगशी तेच बटन दाबसू."

बाई बसल्या. कागद त्यांच्या हातात, कळफलक नानांच्या. त्या ओळ वाचायच्या, नाना एका बोटानं बटण दाबायचे. पहिल्या वेळी नानांचं बोट उशिरा पडलं आणि तोच निळा पडदा आला. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, आणि मग अनोळखी चित्राचा, वेगळ्याच रंगाचा पडदा उघडला. डावीकडे चित्रांची उभी रांग होती. त्यातलं एक यामिनीनं कागदावर काढून दाखवलेलं फोल्डर होतं.

नानांनी त्यावर टिचकी मारली. आत जुनी डिस्क दिसली. डिस्कच्या आत 'चारुलता', आणि त्याच्या आत 'पावरी शब्द'.

बाईंनी नानांचा हात बाजूला सारून माउस स्वतःच घेतला. फाइल उघडली, आणि त्यांचा चेहरा पडला. पानभर नुसते इंग्रजी अक्षरांचे, कंसांचे, टिंबांचे ढीग होते.

"हाई काय शे? मन्हा शब्द कोठे गयात?"

नानांनी यामिनीला फोन लावला. ती पलीकडून हसली. "अक्षरं जागेवरच आहेत सर. बाईंनी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं असणार, तो फॉन्ट इथे नाही. जुन्या डिस्कवर फॉन्टचं फोल्डर असेल, त्यातून तो उचलून इकडे आणा." फोन चालू ठेवून तिनं दोघांना तिथपर्यंत नेलं. तासभर गेला. मध्ये बाईंनी चहा ठेवला आणि विसरल्या, तो उतू जाऊन गॅस विझला.

शेवटी फाइल पुन्हा उघडली. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, शब्द उभे राहिले. बाईंनी पान खाली सरकवलं. पक्षी, झाडं, नाती, टोपल्यांचे प्रकार, पावसाची नावं. त्या एकही शब्द मोठ्यानं वाचत नव्हत्या, नुसत्या खाली खाली जात होत्या. मग आवाजांचं फोल्डर उघडलं. भांडं घासल्याचा आवाज आला, आणि त्यातूनच कालीबाई बोलायला लागली.

नाना उठून पाणी प्यायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत. बाई आत गेल्या तेव्हा ते मडक्यापाशी नुसतेच उभे होते.

"कॉपी करानी शे," बाई म्हणाल्या. "दोन पेनड्राइव्हवर. या."

मंगळवारी यामिनी स्वतः आली आणि तिनं डिस्कवर जुन्या सिस्टिमशेजारी दुसरी जागा करून लिनक्स कायमचं बसवलं. जुनीही नंतर दुरुस्त झाली. यंत्र सुरू होताना आता विचारायचं, कोणत्या दारानं जायचं. बाई पहिले काही दिवस चिडचिड करायच्या. प्रिंटर सापडत नव्हता, 'ळ' आणि 'ज्ञ' कुठल्या बटणावर आहेत ते कळत नव्हतं. नानांनी वहीच्या पुठ्ठ्यावर कळफलक आखून त्यात मराठी अक्षरं लाल पेनानं भरली आणि भिंतीला लावली. दोन अक्षरं चुकीच्या खान्यात पडली होती. बाईंनी ती खोडली आणि कितीतरी दिवसांनी नानांना मास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, "ध्यान कोठे ऱ्हास तुमनं?" नानांना तेवढंच पाहिजे होतं. मग बाईंनी जुन्या फॉन्टमधलं सगळं नव्या युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर दिसतील अशा अक्षरांत, आणायला घेतलं. अर्धे शब्द त्या टाइप करत, अर्धे नाना वाचून दाखवत आणि पावरी उच्चार चुकले की बोलणी खात.

फेब्रुवारीत दोघं जीपनं घाट चढून पाड्यावर गेले. कालीबाई आता पंच्याहत्तरीची. अंगणात मोहाच्या झाडाखाली ती दाणे निवडत होती. बाईंनी मोबाइलवर तिचाच जुना आवाज लावला. कालीबाईनं तोंडावर पदर घेतला, ऐकलं, आणि हात हलवून थांबवलं.

"बाई, हा शब्द चुकला. त्या दिवशी नातू रडत होता, मी घाईत काहीतरी सांगितलं. या पाखराला आम्ही असं नाही म्हणत." आणि तिनं बरोबर नाव सांगितलं.

"पंधरा वरिस चुकीचंच ऱ्हायनं?" नाना बाईंना म्हणाले.

बाईंनी पर्समधून पेन काढला आणि कालीबाईला ते नाव पुन्हा एकदा, सावकाश म्हणायला सांगितलं.