खोकल्याचं बटण

काळं, चपटं, मधोमध झिजून चकचकीत झालेलं... निवेदकाचा अंगठा त्या बटणावर टेकला आणि काचेपलीकडे त्याचं सगळं अंग एकदा, दोनदा गदगदून हललं, पण आवाज म्हणून आला नाही. खोकल्याचं बटण. दाबून धरलं की तेवढ्यापुरता माइक बंद. आतला माणूस पोटभर खोकला तरी रेडिओ ऐकणाऱ्याला वाटावं, बोलता बोलता विचार करायला थांबलाय. काच जाड होती, त्यामुळे बाहेरच्या खोलीत बसलेल्या तिलाही तो खोकला ऐकू येत नसे, नुसता दिसे. आणि दर वेळी तिचाच घसा आतून खवखवे, आवंढा गिळून ती खोकला परतवून लावी. लहानपणापासूनची सवय.

सकाळपासून हेच चाललं होतं. तिच्यासमोरच्या पडद्यावर वरच्या कडेला ठळक अक्षरांत विषय – सीमा चोरून ओलांडून आलेल्यांना परत पाठवावं का? – आणि खाली तिने टाइप केलेल्या ओळी. फोन उचलायचा, कोण, कुठून, काय म्हणणं आहे ते विचारायचं, आणि त्या माणसाला एका ओळीत बसवून आत निवेदकाच्या पडद्यावर धाडायचं. ओळीच्या शेवटी दोनांतला एक शिक्का, ‘काढा’ किंवा ‘राहू द्या’. निवेदक एक काढा, एक राहू द्या असं आलटून पालटून घेई, म्हणजे कार्यक्रम तोललेला वाटे. तिचा स्वतःचा आवाज कधीच प्रसारित होत नसे. आई शेजाऱ्यांना ऐटीत सांगे, हा माझ्या लेकीचा कार्यक्रम, आणि मग संध्याकाळी फोनवर हळूच विचारी, “तू नेमकी कधी बोलतेस गं त्यात?”

मी कुठे बोलते, मी बोलू देते... ती म्हणायची आणि दोघी हसायच्या.

आज हसण्यासारखं काही नव्हतं. कान किटले होते. एक निवृत्त मास्तर ‘मी भावनेने नाही, मुद्द्याने बोलतो’ असं म्हणून इतके ओरडले की तिने हेडफोन कानापासून लांब धरला. एका ट्रकवाल्याने तारेच्या कुंपणाचा खर्च तोंडपाठ म्हणून दाखवला. मग एक बाई, आवाज गोड, बोलणं घरगुती – “आमच्याकडे भांड्यांना येते ना, ती तसलीच असणार, मला संशय आहे. पण कामाला चोख हो! तिला नका काढू. बाकीच्यांना काढा.”

“मग तुम्हाला ‘काढा’मध्ये घालू की ‘राहू द्या’मध्ये?”

“ते तुम्हीच ठरवा बाई. मला त्यातलं काही कळत नाही.”

तिने ‘काढा’ टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता – ते. ते येतात, ते घेतात, त्यांना हवं तरी काय. तिच्या बोटांना आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पोळलेल्या बोटाला नंतर नंतर चहाचा कप गरम लागत नाही, तसं. इतकी वर्षं अशीच काढली, तोंडातून ब्र न काढता. दमले मी, तिला वाटलं, पण कशाने ते कोणाला सांगायचं...

चौथ्या लाइनचा दिवा लुकलुकला.

“नमस्कार, ‘तुमचं म्हणणं’. कोण बोलतंय?”

“मी बोलतेय.” मागे रेडिओ मोठ्याने चालू होता.

“रेडिओ जरा बारीक करता का,” ती सवयीने म्हणाली, आणि मग तिला आवाज लक्षात आला. “आई? काय झालं? बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय? मला बोलायचंय. त्या तुझ्या साहेबांशी.”

“मग माझ्या मोबाइलवर करायचास. ही कामाची लाइन आहे.”

“कामासाठीच केलाय. सगळे बोलतायत, तसं मलाही बोलायचंय. आजच्या विषयावर.”

खोलीत कोणी नव्हतं, तरी तिने मागे वळून पाहिलं. “आई, विषय काय आहे कळलंय ना तुला?”

“सकाळपासून ऐकतेय. मला नाही कळणार तर कोणाला कळणार, चिमे?”

चिमे... घराबाहेर हे नाव कधी आलंच नव्हतं. ते आईच्या खोलीत राहायचं – गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, खिडकीखाली स्टूल, स्टुलावर रेडिओ. त्याच खिडकीतून आईने परवा पाहिलं. खालच्या खोलीतला इस्त्रीवाला, त्याची बायको, दोन मुलं. दारात गाडी उभी, गणवेशातली माणसं. आरडाओरडा झाला नाही, रडारड नाही. गाडीत चढता चढता इस्त्रीवाल्याने वर पाहिलं आणि म्हणाला, “आजी, इस्त्री चालू राहिलीय. तेवढी बंद करा.” आई खाली गेली. टेबलावर कोणाचा तरी शर्ट, एक बाही झालेली, एक व्हायची. तिने इस्त्री बंद केली, उरलेले कपडे घड्या घालून वर आपल्या खोलीत नेले, आणि तेव्हापासून गिऱ्हाईकं जिना चढून तिच्या दारात येतायत.

“लोक येतात, कपडे नेतात,” आई आता फोनवर म्हणत होती. “मोजून घेतात गं. एकाने विचारलं नाही, तो गेला कुठे.”

“म्हणून तू रेडिओवर सांगणार? काय सांगणार?”

“सांगणार की मी पण तशीच आले. भर दुपारी, गवतातनं.”

“आई!”

“नाव नाही सांगत.”

“तुझा आवाज सगळी गल्ली ओळखते. आणि माझं काय? कागदावर माझा जन्म याच शहरातला आहे. ही नोकरी त्यावर आहे. यांना अजून...” यांना म्हणजे नवऱ्याला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. आधी राहून गेलं, मग सांगायला फार उशीर झाला. वडील गेले तेही हे पोटात घेऊनच. “परवाची गाडी माझ्या दारात येईल, आई. तुझ्याही.”

आई अगदी शांतपणे म्हणाली, “मला ठाऊक आहे ते. पण आता हे दाबून नाही धरवत मला. तू नुसती लाइन लाव.”

काढा की राहू द्या... प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. आपल्याच आईला. तिला स्वतःची शिसारी आली.

“थांब जरा,” ती म्हणाली, आणि चौथी लाइन होल्डवर टाकली.

दिवा लुकलुकत राहिला. होल्डवरच्या माणसाला कार्यक्रम ऐकू येतो. म्हणजे आई आता फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ते सगळं परत ऐकत असणार – ते येतात, ते घेतात... दोन्ही हातांनी. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुंध्याशी, अर्धगोल वण. विचारणाऱ्याला आई सांगते, डब्याचं झाकण लागलं होतं. तिच्यादेखत सांगते, आणि ती मान खाली घालते, कारण ते तिचे दात आहेत, पाच वर्षांच्या चिमीचे. सीमेवरचे पहारेकरी दुपारी जेवायला बसतात म्हणून वाटाड्याने ती वेळ निवडली होती, आणि ते बसलेही, पण नेमके गवताला लागून असलेल्या झाडाखाली. त्यातला एक दुसऱ्याला रजा मिळत नाही म्हणून सांगत होता, बहिणीचं लग्न तोंडावर आलंय आणि साहेब काही केल्या सही करत नाही – किती वैतागला होता बिचारा – आणि तिला खोकला आला. आठवडाभर होताच. आईचा तळवा तिच्या तोंडावर बसला, नाकावर बसला, छातीला चोळलेल्या मलमाचा उग्र वास, अंधार, भर उन्हात अंधार, आत खोकला फुटतोय आणि बाहेर वाट नाही... मग ती चावली. जीव खाऊन चावली. तोंडात खारट आलं, तरी तो हात हलला नाही. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही. आपण आईला चावलो, एवढं मात्र तिला कायम आठवत राहिलं. आणि खोकला गिळायची सवय लागली ती लागलीच.

“ऐकतेस का?” जाहिरात लागली होती आणि निवेदक आतून तिच्या कानात बोलत होता. आवाज घोगरा, थकलेला. कोमट पाण्याचा थर्मास त्याच्या कोपराशी. वाईट माणूस नव्हता तो. दिवसभर दुसऱ्यांचं भांडण सांभाळून त्याचाही पार चोथा झाला होता. “काढावाले फार झालेत. एक राहू द्या दे ना. बाई असली तर बरं, जरा वयस्कर.”

“बघते.”

“आणि एक सांग, इतके फोन येतायत, पण स्वतः तसा आलेला एकही माणूस कसा फोन करत नाही? त्यांना तोंडं नाहीत का?”

तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टेने म्हणत नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. चौथीचा दिवा तिच्या मनगटाशी लुकलुकत होता. एक बटण. ओळसुद्धा लिहायला नको, आई आपली आपण सांगेल. मग गल्ली ऐकेल, गिऱ्हाईकं ऐकतील, नवरा दुकानात रेडिओ लावून बसलेला असतो, तोही ऐकेल, सासूबाईंचा आवाज कसा ओळखणार नाही तो... तिचं बोट चौथीवर गेलं. टेकलं.

“नाही आला अजून,” ती म्हणाली. “दुसरीवर एक मुख्याध्यापिका आहेत. राहू द्या.”

“चालेल.”

मुख्याध्यापिका फार छान बोलल्या. माणुसकी हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की पुढे तो कानाला लागेनासा झाला. मग एक काढा, मग एक राहू द्या. ती फोन उचलत होती, ओळी लिहीत होती, आणि चौथी तशीच होती. ठेवेल आता, तिला वाटे. कंटाळेल, हात भरून येईल, ठेवेल. आईने ठेवला नाही. गवतातही नव्हता काढला हात, ती मनाशी म्हणाली, आणि तिला आईचा राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं.

कार्यक्रम संपला. निवेदक गळ्याभोवती मफलर गुंडाळत बाहेर आला. “फोन फार आले म्हणून वरचे खूश आहेत. उद्या परत हाच विषय.” त्याची नजर दिव्यांवर गेली. “चौथीवर कोण आहे अजून?”

“एक बाई आहेत. बोलते मी त्यांच्याशी.”

“काढा की राहू द्या?”

“विचारलं नाही.”

तो थकून हसला, पिशवी उचलून गेला. जिन्यावर त्याचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता, मोकळा, मोठा. तिने लाइन घेतली.

“आई.”

“संपला वाटतं.”

“हो.”

“माझा नंबर काही आला नाही.”

“खूप गर्दी होती आज.”

“हो, ऐकलं ना मी.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“काय सांगणार होतीस गं?” तिने विचारलं.

“आता तुला काय सांगायचं? तू होतीसच की तिथे.” मग आई थांबली. “तू चावलीस ना...”

तिने हेडफोन कानाशी घट्ट धरला.

“त्याआधी तुझा श्वास लागेना हाताला. मी म्हटलं, गेली पोर. हात काढावा तर ते दोघं समोर जेवतायत, नाही काढावा तर... आणि तेवढ्यात चावलीस. काय बरं वाटलं म्हणून सांगू! रक्त आलं तरी मी म्हणत होते, चाव, अजून चाव. तेवढंच सांगणार होते मी. हे सगळे म्हणतात ना, मजेत येतात म्हणून. पुढे काढायचं का ठेवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.”

डब्याचं झाकण, तिच्या मनात आलं. इतकी वर्षं डब्याचं झाकण.

“उद्या परत हेच आहे म्हणाला ना तो? तुझा साहेब, रेडिओवर, अगदी शेवटी.”

“हो.”

“मग उद्या करते. सुरू व्हायच्या आधीच करते, म्हणजे नंबर लागेल. लावशील ना?”

नको, आई. शब्द ठरलेले होते. नोकरी, कागद, नवरा, गाडी, सगळं खरं होतं आणि सकाळपेक्षा तसूभरही कमी खरं झालं नव्हतं. ते म्हणायला तिने तोंड उघडलं, पण शब्दांच्या आधी खोकला आला. खालून, खूप खालून. हात आपोआप तोंडाकडे गेला, तळवा ओठांवर बसलाही... तिने तो बाजूला घेतला. ती खोकली. रिकाम्या खोलीत, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकत राहिली. तिच्या टेबलावर तसलं बटण नव्हतं. तिला कधी ते लागलंच नव्हतं.

पलीकडे आईने, पाणी पी, असंही म्हटलं नाही. ती ऐकत होती. मग खोकला थांबला, तरी दोघींनी फोन ठेवला नाही.