पार्वतीबाईंच्या नावावरची गाडी

भुजंगनं मोटारसायकल घेतली ती मुखेडच्या बैलबाजारात, आणि घेतलीही बैलासारखीच. रुमालाखाली बोटं धरून सौदा, टाकीवर गुलाल, आणि वर बाजाराच्या कारकुनाकडून जनावराची पावती. रंग काळा, शिंगं दोन, खोड नाही. हँडलला शिंगं लिहायचं डोकं कारकुनाचं. आता बोला! चार वर्षं हा गडी ती पावती खिशात घालून बिनघोर फिरला.

मग लेक पुनम नर्स झाली. नेमणूक किनवटकडच्या जंगलातल्या उपकेंद्रात. तिथं एसटी दिवसातून एकदा येते, आली तर. अडलेल्या बाईकडं जायचं तर गाडी पाहिजेच. सामान घ्यायला ती हीच गाडी घेऊन नांदेडला गेली आणि चौकात हवालदारानं अडवलं. पावती वाचून तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "महिन्याभरात कागद करा ताई, न्हाई तर गाडी जमा." पुनम घरी येऊन रडली. बापाच्या अडाणीपणापायी लेकीचं हसू झालं होतं.

नंबरावरून मालक निघाला लातूरचा, गुरुपादप्पा. भुजंग विचारत विचारत दारात पोचला, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. बायको पार्वतीबाईंनी देव्हाऱ्यामागून गाडीचं कार्ड काढून दाखवलं.

"डोळ्यानं दिसंना, म्हणून यांनी गाडी दलालाला दिली. कार्ड दिलं न्हाई. म्हणले, माझं नाव हाय त्याच्यावर."

आरटीओतल्या मॅडमनी सांगितलं, आधी गाडी वारस म्हणून बाईंच्या नावावर होईल, मगच बाई ती तुम्हाला देऊ शकतील. म्हणजे हेलपाटे दुप्पट! भुजंगनं कपाळाला हात लावला. पार्वतीबाई मात्र प्रत्येक खेपेला आल्या, आणि येताना दोघांपुरती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली. किती गुणाची बाई!

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा नवं कार्ड आलं. आरटीओच्या दारातल्या लिंबाखाली बसून पार्वतीबाईंनी आपलं नाव बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"घर यांच्या नावावर होतं, आता पोराच्या. शेत दिराच्या. माझ्या नावावर सत्तर वर्सांत काहीच नव्हतं बग."

भुजंगच्या पिशवीत विक्रीचे फॉर्म तयार होते. पुनमचा सकाळपासून तिसरा फोन वाजत होता. पण त्याचा हात काही पिशवीत जाईना.

"मावशी, राहू द्या. दोन दिवसांनी येतो मी."

"खुळा का काय तू? लेकीचं काम अडवून मी कार्डाची पूजा करू?" त्यांनी पदर खोचला. "सही करते. पण आधी मला गोलाईला चक्कर मार. माझ्या गाडीवर."

भुजंगनं किक मारली. पार्वतीबाई मागं बसल्या, खांदा घट्ट धरून. गंजगोलाईच्या गोल बाजारात ओळखीची बांगडीवाली दिसताच त्या ओरडल्या, "माझी हाय गं! माझ्या नावावर हाय!" भुजंगनं न विचारताच गोलाईला दुसरी चक्कर मारली.

मग त्या उतरल्या. सीटवरच फॉर्म पसरले.

"दाखव, कुठं करायची सही. अन् पुनमला सांग, गाडी पार्वतीमावशीनं दिली."