धाकटीची किंकाळी

गेल्या महिन्याभरात मी सदतीस कोबी, नऊ कलिंगडं आणि एक भलामोठा लाल भोपळा मारला. सुरा खुपसायचा, फिरवायचा, ओढून काढायचा. कोबी छातीसाठी, कलिंगड पोटासाठी. भोपळा डोक्यासाठी, पण तो एकच, कारण दिग्दर्शकाला एकच डोकं फुटलेलं हवं होतं. सिनेमात तुम्हाला पावलं ऐकू येतात, दाराची कडी ऐकू येते, कपड्यांची सळसळ ऐकू येते, ते सगळं माझ्यासारखं कोणीतरी बंद खोलीत बसून केलेलं असतं. सव्वीस वर्षं मी हेच करतेय. घरी आम्ही कोबी आणत नाही, हे ओघानंच आलं.

या वेळचं काम म्हणजे शिट्टीवाल्याचा दुसरा भाग. पहिला आठ वर्षांपूर्वी आला होता. एक मुखवटा घातलेला माणूस शिट्टी वाजवत येतो आणि एकेकाला भोसकतो, बाकी त्यात गोष्ट अशी काही नाही. शेवटी त्याला जाळला, बुडवला, वर त्याच्या अंगावर अख्खं घर पाडलं. तरी मेला परत आलाच. हा आला कसा, असं मी दिग्दर्शकाला विचारलं. या भागाला तो नवाच, पोरसवदा माणूस आहे, पण डोकं आहे त्याला. म्हणाला, "बाई, तो परत येणार म्हणूनच तर लोक तिकीट काढतात. शिट्टी वाजली की आता कोणीतरी जाणार, हे आधी कळतं ना, त्याची मजा असते. खऱ्या आयुष्यात अशी शिट्टी कोण वाजवतंय?" मला त्याचा रागच आला. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली. दुसऱ्या भागात परत येतो तो मारणारा. त्यानं मारलेल्यांपैकी कोणी परत येत नाही.

त्यानं मारलेली पहिली मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण. सिनेमात, म्हणजे. ते काम तिला मीच मिळवून दिलं होतं. तीन मिनिटांचं काम. मुलगी स्वयंपाकघरात भांडी विसळतेय, मागून शिट्टी येते, ती वळते, किंचाळते, संपलं. बोलायचा एक शब्द नाही. पण ती किंकाळी अशी गाजली की पोरांनी ती फोनला रिंग म्हणून लावली. धाकटी दुकानात गेली तरी लोक म्हणायचे, एकदा किंचाळून दाखवा ना. ती म्हणायची, आज घसा बसलाय हो.

पाच वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून घसरली आणि डोक्यावर पडली. भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या रस्त्यावर. काही आवाजसुद्धा आला नाही, असं बघणारे म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मग घरात आई आणि मी, दोघीच उरलो. पुढं काचबिंदूनं आईचे डोळे गेले. आता उजेड कुठल्या बाजूनं येतोय एवढंच तिला कळतं. पहिला भाग तिनं पाहिलाच नव्हता. "पोटच्या पोरीला भोसकतात ते मी डोळ्यांनी बघू?" असं म्हणून घरी बसली होती. कोणाच्या फोनवर ती किंकाळी वाजायला लागली तर कानांत बोटं घालायची. दुसऱ्या भागाचं काम आलं तेव्हा एकदा जेवताना मी तिच्यापुढं नेहमीचं रडगाणं गात होते. सुरुवातीला जुना प्रसंग पुन्हा दाखवायचाय, त्याची नव्यानं जुळवाजुळव, मुदत कमी, माझे हात भरून आलेत. आईचा घास हातातच राहिला.

"म्हणजे ती आहे यात?"

"आहे. जरा वेळ."

"आणि तिची ती किंकाळी?"

"तीही आहे."

"मला घेऊन चल."

"आई, काहीतरीच काय? तुला दिसणार नाही आणि तुझ्यानं ऐकवणार नाही."

"दिसत नाही म्हणूनच जमेल," ती म्हणाली. मग बराच वेळ ताटात नुसती बोटं फिरवत बसली. "तिचा आवाज विसरायला लागलेय गं मी. तोंड आठवतं, हात आठवतात. आवाज आठवायला जावं तर कोणा भलत्याच बाईचा येतो. एकदा ऐकू दे मला. ओरडलेला तर ओरडलेला."

तिचं खरं होतं. घरात धाकटीचा आवाज कुठंच नव्हता. फोनवर निरोप ती टाइप करून पाठवायची. मामेबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत तोंडाचा पट्टा चालू आहे तिचा, पण वरून व्हिडिओवाल्यानं गाणं चढवलंय. एवढी बडबडी पोर, आणि मागं आवाज म्हणून काही नाही.

आता खरं काय ते सांगते. ती किंकाळीही तिची नाही.

चित्रीकरणाच्या वेळी नुसतं तोंड उघडायचं असतं. आवाज नंतर आमच्या खोलीत, माइकसमोर घेतात. खोलीत आम्ही दोघीच होतो. धाकटी माइकसमोर उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. समोर पडद्यावर तिचंच तोंड आ वासलेलं, आणि शेजारी तिची ताई सुरा घेऊन कोबीवर टपलेली. कोणालाही हसू येईल म्हणा. आधी नाकातून एक फुसका आवाज, मग श्वास आत ओढलेला, आणि मग ते पोट धरून खदखदणं. "आता नाही हसत, शपथ," म्हणायची आणि पुन्हा नाकातून फुस्स. अकरा टेक असे हसण्यात गेले. माझं डोकं फिरलं. "हो बाजूला," म्हटलं आणि बारावा टेक मीच दिला. एवढी मोठी किंकाळी माझ्यात कुठून आली, देव जाणे. धाकटी हसायची थांबली. जरा वेळानं म्हणाली, "ताई, कोणाला सांगू नकोस हं. मीच किंचाळले म्हणून सांगणार आहे मी." मी कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

आणि ते अकरा टेक मी त्याच संध्याकाळी पुसून टाकले. वाया गेलेलं काही ठेवायचं नाही, ही माझी शिस्त. बाकीचे सगळा कचरा जपून ठेवतात आणि ऐन वेळी फाइल शोधत बसतात. त्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. आईनं सिनेमाचं काढल्यावर मी दोन दिवस जुन्या हार्ड डिस्क उपसल्या. पहिल्या भागाचं सगळं जागच्या जागी होतं, नीट नावं घालून. दार करकर. पाऊल ओलं. सुरा बरगडी. धाकटी किंकाळी बारा. एक ते अकरा कुठंच नव्हते. मी आतून कडी लावली आणि स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

आईला सांगून टाकायचं मी तीनदा ठरवलं. एकदा तर "आई, ती किंकाळी आहे ना" इथपर्यंत आले. ती म्हणाली, "हो, तिकीट काढलंस का?" झालं, मी "काढलं" म्हणून मोकळी झाले. मग मनाची समजूत घातली. किंकाळीत कोण कोणाला ओळखतंय? सख्ख्या बहिणी, घसे एकाच घरातले. तिला दिलासा मिळाला तर माझ्या बापाचं काय जातं? दिग्दर्शकानं तीन मिनिटांचं दीड केलं होतं, पण किंकाळी मात्र जागोजागी पेरली होती. शिट्टीवाल्याला जुनं काही आठवलं की ती वाजायची. "हीच ऐकायला येतात लोक," तो म्हणाला. "तुमच्या बहिणीनं कमाल केलीय, बाई." मी मान हलवली आणि कोबी पुढं ओढला.

पहिल्याच शुक्रवारी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. आईनं ठेवणीतले कपडे काढले, केस माझ्याकडून दोनदा विंचरून घेतले. "नीट दिसतेय ना मी?" असं दारात विचारलं. मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

थिएटर भरलं होतं. सगळी पोरंपोरी, मांडीवर पॉपकॉर्नचे डबे. दिवे गेले तशी सगळी खुशीत येऊन एकमेकांना चिमटे काढायला लागली.

आई कानाशी म्हणाली, "एवढी खिदळतात कशाला ही?"

"घाबरायला आलीत म्हणून."

"घरी सोय नाही वाटतं," आई म्हणाली.

पडद्यावर धाकटी आली. मी आईच्या कानात सांगत गेले. पाठमोरी आहे. निळा शर्ट घातलाय. केस वर बांधलेत, तुला आवडायचे नाहीत तसे. आई मान हलवत होती. भांड्यांचा आवाज, नळाचा आवाज, ओल्या हातांचा आवाज, सगळे माझे. शिट्टी आली तशी मागच्या रांगेतली पोरं तिच्या सुरात शिट्टी वाजवायला लागली. "आता वळतेय," मी म्हटलं. आईनं माझं मनगट धरलं.

किंकाळी आली. पोरांनी टाळ्या पिटल्या. कोणी कोणी बरोबरीनं किंचाळलं. धाकटी खाली पडली, कोबी तीनदा चिरला गेला आणि पडद्यावर सिनेमाचं नाव आलं.

पडद्याचा उजेड आईच्या तोंडावर लालनिळा होत होता आणि तिनं डोकं जरासं कलतं केलं होतं, दाराबाहेर कोणाचं पाऊल वाजलं की करते तसं. मी मनात म्हणत होते, निभावलं. अर्ध्या तासानं किंकाळी दुसऱ्यांदा आली. तेव्हा आईनं माझं मनगट सोडलं.

"ही ती नव्हे," ती म्हणाली.

मी पडद्याकडेच बघत राहिले.

"ही तू आहेस."

"आई, अगं..."

"डोळे गेलेत माझे, कान नाही." तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. "ती गेली तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस. मला वाटलं, ही आहेच दगड. मग एवढं सगळं कुठं ठेवलं होतंस?"

मला रडू आलं. इतक्या वर्षांत आलं नव्हतं ते त्या पोरांच्या गलक्यात आलं. मी सांगून टाकलं सगळं. माइक, हसणं, बारावा टेक, धाकटीनं घातलेली गळ. मागून कोणीतरी गप्प बसा म्हणालं, तरी मी थांबले नाही. "अकरा वेळा हसली ती, आणि मीच पुसलं गं सगळं. आजवर काही ठेवलं नाही, तसं तेही नाही ठेवलं." आई रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अकराही वेळा हसलीच?"

"अकराही."

आईनं पदार्थाची चव घेतल्यासारखे ओठ हलवले. "कशी हसायची गं ती? तेच तर आठवत नाही मला. तू करून दाखव. तुझं कामच आहे ना ते?"

सव्वीस वर्षांत मी दाराच्या कडीपासून माणसाच्या बरगडीपर्यंत सगळं करून दाखवलंय. हे तर मला पाठ आहे. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. नाकातून फुसका आवाज काढला. श्वास आत ओढला. पुढचं काही येईना. पडद्यावर मी तिसऱ्यांदा किंचाळले, थिएटर खूश झालं, आणि आईनं आपला कान माझ्या तोंडाला आणखी जवळ आणला.

"पुन्हा कर," ती म्हणाली.