मंगलीच्या मोहाखाली

“तुम्ही मरणाला भिता का?”

हा प्रश्न माझा नव्हताच. वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, “हिंमत असंन तं इचार कमळे, नाई तं उद्यापासून तुले भित्री म्हनू.” आणि आठवीत आल्यापासून मला कुणी भित्री म्हटलेलं खपत नव्हतं. मी दोन्ही वेण्या मागे टाकल्या, उभी राहिले आणि विचारून मोकळी झाले.

ज्यांना विचारलं ते गुणवंतराव म्हणजे आमच्या गुरुजींचे मामा. नागपूरहून महिनाभर हवापालटाला आलेले. उडते महाल, सात डोक्यांचे राक्षस, मेलेल्या राजाला माघारी आणणाऱ्या राजकन्या, असल्या त्यांच्या कादंबऱ्या. आमच्या शाळेत त्या इतक्या हातांतून फिरल्या होत्या की एकीलाही पुठ्ठा उरला नव्हता.

गुरुजींनी डोळे वटारले. पण गुणवंतराव शांतपणे म्हणाले, “भितो. रोज भितो. माझ्या पुस्तकातले वीर मरण दारात आलं की त्याला बसायला पाट देतात. माझ्या दारात आलं तर मी खाटेखाली शिरेन, आणि तिथं आधीच कुणी लपलेलं असेल तर त्याला बाहेर ढकलीन.”

अख्खा वर्ग खिदळला.

“मंग शूर मानसं कशी लिवता जी?” मी कशाची थांबते!

“अंदाजानं. खरं शूर माणूस मी अजून पाहिलेलं नाही, पोरी.”

“इथी पाहा ना! हे मंगली रोज पहाटे मोह येचाले जाते. अस्वलं असतेत तिथी.”

शेजारी बसलेल्या मंगलीनं मला चिमटा काढला. “काईबी सांगून राह्यली,” ती पुटपुटली. तिचे बाबा, इसरूभाऊ, गावाच्या कडेला गोंडटोल्यात राहतात. जंगलातला एक थोरला मोह त्यांच्या घराण्याचा. त्याची फुलं वाळवून ठेवली की पावसाळाभर त्यांच्या चुलीवर तीच शिजतात.

“मला दाखवशील?” गुणवंतरावांनी विचारलं.

“उद्याच चला जी!” मी म्हटलं. घरी मात्र कुणाला सांगितलं नाही.

मोहाखाली जाताना आवाज करत जायचं असतं. खाकरायचं, हाका मारायच्या, डबा बडवायचा. अस्वल फुलं खाण्यात गुंग असतं. त्याला आधी कळलं तर ते आपणहून निघून जातं, अचानक कुणी अंगावर आलं तर मात्र सोडत नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण मंगली फुलं वेचताना पाहुण्यांना दिसावी आणि आपण मागून तिला दचकवावं, ही मजा मला सुचली.

“गप चला जी,” मीच त्यांना म्हटलं. “खोकूसुदा नोका.”

झुंजूमुंजू झालं होतं. मोहाचा तो गोड, जड वास नाकात भरला होता. झाडाखाली काळं लुगडं नेसून कुणी वाकलं होतं, पुढे सरकत होतं, फुलं वेचत होतं. अगदी मंगली वेचते तसं.

“सगळा मोह एकलीच येचशीन काव, मंगले?” असं म्हणत मी पाठीवर थाप मारायला धावले.

ती पाठ उभी राहिली.

लुगडं नव्हतंच. केस होते. छातीवर पांढरा पट्टा होता. माझ्यात आणि त्याच्यात दहा हातांचं अंतर होतं आणि माझे पाय जमिनीत रुतले होते. पुस्तकात अशा वेळी राजकन्येला मंत्र आठवतो. मला एवढंच आठवलं की माझी डावी वेणी सुटली आहे.

मग खांद्यावर जोराचा धक्का बसला आणि मी बाजूला पडले. गुणवंतराव मध्ये उभे होते. काठी उलटी धरलेली, मूठ खाली आणि टोक हातात. ते ओरडत नव्हते. त्यांचे दात वाजत होते, ते मला खालून ऐकू येत होतं. अस्वल आलं आणि त्यांच्या डाव्या हातावर पडलं.

तेव्हा कुठं माझी किंकाळी फुटली.

पलीकडून डब्याचा दणदणाट आला. इसरूभाऊ आणि मंगली नुकतेच येत होते. मंगली उजेडासाठी आणलेली पेटती फांदी घेऊन, गोंडीत ओरडत, सरळ अस्वलाच्या तोंडावर धावली. ते वळलं आणि झुडपांत शिरलं. हे सगळं झालं तेवढ्या वेळात मी एक पाढाही म्हणू शकले नसते.

खाटेवर घालून त्यांना गावात आणलं, मग वडशाच्या स्टेशनाकडं न्यायला रेंगीत ठेवलं. बैल जुंपेपर्यंत मी त्यांचं डोकं धरून बसले होते.

“तुमीच शूर निंगाले जी,” मी रडत म्हटलं.

“छे गं. पाय पुढे गेले. मी मागेच उभा होतो.” मग धापा टाकत म्हणाले, “ते अस्वलही भ्यालं होतं. पाहिलंस? चाळीस वर्षं राक्षस लिहिले मी. भ्यालेला एकही लिहिला नाही.”

रेंगी गेली.

मायनं मला आत ओढलं, माझ्या केसांतलं रक्त धुतलं. “तू घरीच होती. आयकलं?” गुरुवारी ब्रह्मपुरीचे लोक मला पाहायला येणार होते. अंधारात परक्या पुरुषाबरोबर जंगलात गेलेली पोरगी कोण करून घेईल? म्हणून दारावर जो येईल त्याला माय सांगत होती, पाहुणे इसरूसंग गेले म्हणे.

दुपारी वडशाहून निरोप आला. गुणवंतरावांची शुद्ध हरपली होती, वाचतील की नाही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी जंगलखात्याचा नाकेदार ओसरीवर बाबांसमोर बसला. मी दाराआड होते.

“इसरूनं नागपूरच्या मानसाले अस्वलापुढं नेलं, पाटील. आता त्याले जंगलात पाय ठेवू देनं नाई. मोह बंद. सकाळी पंच म्हनून सही करा.”

बाबांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, “करतो.”

मी मागच्या कुंपणाकडं पळाले. मंगली तिथं उभीच होती.

“तुह्या बाबानं खरं काऊन नाई सांगतलं?” मी विचारलं.

“मीबी तेच म्हनलं. तं म्हनते, पोरीचं नाव घ्याचं नाई, तिचं लगन मोडंन.” तिच्या हाताला फांदीचा चटका बसून फोड आले होते. “माह्या बाबाचं तोंड बंद हाये, कमळे. तुह्यं कोनं बांधलं?”

ती गेली. मला पुन्हा सकाळसारखं झालं, पाय जमिनीत रुतलेले. मी तशीच उभी राहिले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. उलट मायला बरंच वाटलं असतं.

घरात गेले तेव्हा बाबा जेवायला बसले होते, माय वाढत होती. मी मध्येच उभी राहिले. आवाज मोठा निघाला, ओसरीपार जाईल एवढा.

“बाबा, त्या कागदावर सही करू नोका. मी नेलं त्याईले. गप चला बी मीच म्हनलं. सकाळी मी नाक्यावर जाऊन सांगून येईन. माय, ब्रह्मपुरीवाल्याईले सांगाचं असंन तं सांगजो, नाई तं गुरुवारी ते आले का मी सोताच सांगीन.”