उजवीकडचा रकाना

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. मला फळा म्हणावे की नाही, याचीही मला कधी कधी शंका येते. मित्रांनो, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी विजेच्या पॅनलचा दरवाजा म्हणून तयार झालो. कुणीतरी माझ्या छातीत ठरल्या जागेपासून चार बोटे बाजूला भोक पाडले आणि मी भंगारात गेलो. तिथून लक्ष्मणरावांनी मला उचलले, काळा रंग दिला आणि चाकणजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या भिंतीला टांगले. समोरच शेअर रिक्षा थांबतात. कंटेनर गेला की मी खडखडतो. स्वस्थ असा मी कधी नसतोच.

लक्ष्मणराव कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि वाचनालय सांभाळू लागले. गाव त्यांना अण्णा म्हणते. दर रविवारी ते आठवड्याच्या हवामानाचा अंदाज माझ्यावर लिहितात. डावा रकाना ‘अंदाज’, उजवा ‘झाले’. रोज संध्याकाळी खरे काय झाले ते उजवीकडे लिहायचे, स्वतःची चूक झाली असली तरी, हा त्यांचाच नियम.

पूर्वी शिफ्टला जाणारे मला वाचून रेनकोट घेत, बायका पापड वाळत घालत. मग घरोघरी मोबाइल आले. माझा रंग उडाला. ‘खोली भाड्याने देणे आहे’ असले कागद माझ्यावर चिकटू लागले. त्यात एकदा अण्णांनी पाऊस लिहिला, म्हणून एका घरचे लग्न अंगणातून कार्यालयात हलवले, आणि त्या दिवशी कडक ऊन पडले. तेव्हापासून रिक्षावाला गणराज विचारतो, “काय अण्णा, आज छत्री उन्हाची का?” अण्णा हसतात, पण मग खडू जरा जास्तच दाबून लिहितात, ते मलाच कळते.

या चैत्रात त्यांनी सातही दिवस ‘कोरडे’ लिहिले. कांदा पिकवणाऱ्या सरुबाईंकडे साधा फोन. त्या माझ्यावरच विसंबतात.

“अण्णा, नक्की ना? कांदा उपटून टाकते मंग.”

“अंदाज आहे, सरुबाई. अंदाजच.”

“तुमचा अंदाज म्हंजी आमचं पंचांग,” म्हणत त्या गेल्या. कांदा पातीसकट शेतात पसरून सुकवतात. तो तसा भिजला तर पुढे साठवणीत सडतो. वर्षाचे पीक त्यांनी माझ्या शब्दावर उघड्यावर ठेवले होते.

बुधवारी दुपारी वारा फिरला. माझ्या भोकातून रोज तो पश्चिमेकडून शीळ घालतो. त्या दिवशी उलटा वाजू लागला. मी भिंतीवर आपटत होतो, पण बोलणार कसा? मला दुसऱ्याच्या हातानेच बोलता येते. अण्णा मोबाइल बघत बाहेर आले. अंदाज बदलला होता: संध्याकाळी गारा. ते खडू घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, आत गेले, पुन्हा आले. शेवटी सदऱ्याच्या बाहीने त्यांनी ‘कोरडे’ पुसले आणि लिहिले, ‘आज गारा. कांदा झाका.’

पहिली शिफ्ट सुटली होती. गणराजची रिक्षा येऊन थांबली.

“आता कुणाचं लगीन मोडता, अण्णा?”

“गणराज, सरुबाईंच्या शेतात चल. मीही येतो.”

अण्णा कुणाला असे सांगत नाहीत. गणराजने रिक्षा पुन्हा सुरू केली. “बसा राव,” तो म्हणाला, आणि रिक्षातल्या कामगारांनाही त्याने उतरू दिले नाही.

त्यांनी सगळा कांदा गोळा करून ताडपत्रीखाली झाकला. आभाळ काळे झाले, गडगडले, आणि पलीकडच्या महाळुंग्याकडे निघून गेले. आमच्याकडे एक थेंबही पडला नाही.

परत येताना सगळे घामाने भिजले होते. “गारा मोप पडल्या, भावा!” कुणीतरी ओरडले. अण्णा मान खाली घालून आत गेले. त्या संध्याकाळी उजवा रकाना कोरा राहिला. रविवारही नवा अंदाज न लिहिता गेला. इतके दिवस तो खोटा शब्द अंगावर घेऊन मी वाऱ्यावर तडफडत होतो. माझ्यामुळेच हे झाले, असे वाटत होते.

सोमवारी सकाळी सरुबाई आल्या. वाचनालयाच्या खिडकीतला खडू त्यांनी उचलला. एकेक अक्षर जुळवत, जीभ दातांत धरून, बुधवारच्या उजव्या रकान्यात त्यांनी लिहिले:

‘पाऊस आला न्हाई. अण्णा आले.’

अण्णा दारात उभे होते. सरुबाईंनी खडू त्यांच्यापुढे धरला. “घ्या. या आठवड्याचं लिवा. कांद्याची चाळ शाकारायची हाय मला.”

अण्णांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतले. सरुबाईंची ओळ मात्र त्यांनी आजवर पुसलेली नाही; बाजूला दाटीवाटीने लिहितात.

मित्रांनो, माझा रंग उडत चालला आहे. जमले तर रंगाचा एक हात द्या, माझ्यावर कागद चिकटवू नका. आणि कुणाचा अंदाज चुकला, तर हसा हवे तर. पण त्याच्या हातातला खडू काढून घेऊ नका.