हिलालआप्पांची हरकत

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या बंद पडलेल्या शाळेत चौदा कुटुंबांना राहू द्यायचं की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला एक सरकारी साहेब रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आले. ही कुटुंबं सरहद्दीपलीकडून, सिंधमधून आलेली. दोन महिने ती नाल्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, आणि पाऊस पडला की शेडमध्ये घोट्याएवढं पाणी साचायचं. सरकार त्यांना शाळेच्या खोल्या आणि दोन वेळची खिचडी देणार, अशी बातमी फुटली आणि सगळी वस्ती पेटली.

"माझ्या सासूबाईंचं विधवा पेन्शन सात महिने अडकलंय," वर्षा उभी राहून म्हणाली. "आणि यांना आयती खिचडी!"

"उद्या वर तूप मागतील," मागून कोणीतरी बोललं. लोक हसले.

"पहले नल में पानी तो दो, साहेब!" दुसरं कोणी ओरडलं.

त्या कुटुंबांतल्या चार बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण हसणं कोणावर चाललंय ते कळायला भाषा लागत नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी प्रशांत हिलालआप्पांच्या कानाशी वाकला. "आप्पा, तुम्ही उठा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

आप्पांनी चाळीस वर्षं कापडाचा लूम चालवला होता. आता सत्तरीला टेकल्यावर त्यांना घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा कोणी विचारत नसे. कोणीतरी विचारलं, म्हणून ते फुगले. श्रावण चालू होता, पुढच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसायची होती, तोच दाखला त्यांच्या तोंडात आला.

"साहेब, आमच्या खानदेशात कानबाई बसते," ते म्हणाले. "घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजून दळतात. त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरचा कितीही भुकेला असो, त्याला तुकडा देत नाहीत. सरकारचं धान्य म्हणजे हेच. ज्याच्या नावची मूठ पडली, त्यानं खावं. आम्ही सुरतेत आलो तेव्हा कोणाचं फुकटचं खाल्लं नाही!"

टाळ्या पडल्या. कोणी शिटी मारली. "वा आप्पा! एकदम फिट्ट!" साहेबांनी हरकतीचा कागद पुढे केला. पहिली सही आप्पांची झाली, आणि त्यांच्या मागे साठेक जणांनी रांग लावून सह्या केल्या.

आप्पा खुर्चीवर येऊन बसले तेव्हा वत्सलाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आप्पांचा लूमवरचा जोडीदार किसन, त्याची ही विधवा. तिनं आवाज चढवला नाही, गावाकडच्या अहिराणीतच बोलली.

"हिलालभाऊ, तुना नावनी मूठ मनी सासूनी टाकी व्हती ना? इसरी ग्या?"

एवढंच बोलून ती आपल्या जागेवर गेली.

आप्पांचे कान तापले. एकोणीस वर्षांचे असताना ते सुरतेत आले होते. ओळख ना पाळख. पहिल्याच महिन्यात तापानं पडले, काम गेलं, आणि किसननं त्यांना आपल्या एका खोलीत आणून टाकलं. ना एका भावकीतले, ना एका जातीचे. त्यातच कानबाई आली. किसनची आई सखुबाई सोवळ्याओवळ्याची कडक बाई. ती मुठी मोजत होती. नवऱ्याची, किसनची, धाकट्याची. मग तिनं आणखी एक मूठ टाकली. चुलत दीर गरजला, "हाऊ कोण?" म्हातारी मान वर न करता म्हणाली, "मना घरमा शे ना? मंग मोजाई ग्या."

चार दिवस आप्पांनी तेच रोट खाल्ले होते. आणि आज माणसांसमोर खोटं बोलताना ते दाबून ठेवलं, असंही नव्हतं. ते आठवलंच नाही. दाबून ठेवलं असतं तर निदान खाल्ल्याची जाण तरी राहिली असती, असं त्यांना वाटलं, आणि ते उठून साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, मेरी सही निकालो."

"क्यों काका? कारण लिखना पडता है. सबके सामने पढके भी सुनाऊंगा."

प्रशांत डोळे बारीक करून बघत होता. सखुबाईचं नाव आप्पांच्या जिभेवर आलं होतं. बोलायला दोन वाक्यं पुरली असती. वत्सलाबाईनंही मान वर केली होती.

"तबियत ठीक नहीं," आप्पा म्हणाले.

साहेबांनी ते लिहिलं, वाचलं आणि सहीवर रेघ ओढली.

"काय आप्पा, बीपीनं सही खाल्ली का?" कोणीतरी ओरडलं. हशा झाला. त्या हशात आप्पाही थोडे हसले. वत्सलाबाई पदर सावरून बाहेर निघून गेली.

खालच्या साठ सह्या होत्या तशाच राहिल्या. "इतक्या हरकती असल्यावर शाळा मिळणं अवघड," असं हिंदीत त्या चार बायकांना सांगून साहेब गेले.

पायऱ्यांवर आप्पा चपला शोधत होते. त्या चौघींतली एक, जमना तिचं नाव, डोक्यावर पदर घेऊन पुढे आली. कागदावरून नाव काढून घेणारा एकच माणूस तिनं पाहिला होता. कारण तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, की पोचूनही तिला ते खरं वाटलं नव्हतं, कोण जाणे.

"काका, इतने लोगों के सामने आपने हिम्मत की," ती म्हणाली आणि पायाशी वाकली.

आप्पांनी पाय मागे ओढले. मागे भिंत होती. "नहीं बेटी, मैंने तो..." तिचे हात पावलांना लागले.

"सुखी रहो," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

ती शेडकडे चालू लागली. आप्पांना चपला सापडल्या, त्यांनी पायात घातल्या, तरी मान खालीच ठेवून ते पायरीवर उभे राहिले.