उन्हाचा ठराव

चिचगडच्या आमच्या बचत गटात दहा बायका आहेत आणि दहाजणींना मिळून एक वही आहे. ती वही माझ्याकडे असते, कारण मी सचिव आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, तालुक्याचे साहेब सांगून गेले. त्यांनी आमच्या गटात दुसरं काहीही चांगलं म्हटलं नाही, अक्षराला तेवढं म्हटलं.

गट जंगलातला मध गाळून विकतो. अध्यक्ष रुख्माबाई. त्यांना लिहिता येत नाही, पण ठराव करायची भारी हौस. बैठकीची सतरंजी धुवायची झाली तरी सूचक कोण, अनुमोदक कोण, हे विचारल्याशिवाय त्या सतरंजी उचलू देत नाहीत. आणि एकदा वहीत आलं की आलं. मग कोणाचा बाप आला तरी त्यात बदल नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं की चार ते सहा मार्च चिखलदऱ्याला अभ्यास दौरा आहे. तिथं मध बाटलीत कसा भरतात ते बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गटाच्या एका बाईनं माईकवर पाच मिनिटं आपल्या गटाची माहिती सांगायची. मोहाची फुलं टपकायला लागून वेचणी सुरू व्हायच्या आत परत येता येत होतं, म्हणून सगळ्या एका पायावर तयार झाल्या. बोलणार कोण, हे विचारल्यावर मात्र सगळ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं आणि मग घाईघाईनं छताकडं बघितलं.

त्याचं कारण सांगून टाकते. मागच्या साली देवरीच्या मेळाव्यात मी माईकसमोर उभी राहिले, 'नमस्कार' म्हणाले आणि खाली बसले. मधलं सगळं भाषण पोटातच राहिलं. तेव्हापासून गावात कोणी साधा नमस्कार केला तरी मला तो टोमणाच वाटतो. या वेळी दोघी-तिघींनी रुचीचं नाव सुचवलं. रुची म्हणजे गोंदियाहून आलेली नवी सून. बोलायला लागली की अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि मध्ये श्वास नाही. मी वहीत मान घातली. मला रडू येत होतं.

रुख्माबाईंनी सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाल्या, "या बारीले संध्याच बोलते. नाही जमलं, तं मंग पुढं नेहमी रुची."

म्हणजे मला ही शेवटची संधी होती. मी त्या रात्रीपासून भाषण पाठ करायला घेतलं. गाईला म्हणून दाखवलं, चुलीला म्हणून दाखवलं, नवऱ्याला दोनदा. गाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

दोन दिवसांनी जीपवाला विक्की आला. हा रुख्माबाईंचा भाचा. त्याच्या जीपच्या टपावरचं कॅरिअर खड्ड्यात आदळून निखळलं होतं आणि मागं फक्त दोन पिशव्यांची जागा होती. तीन दिवस, दहा बायका, दोन पिशव्या. दहा बाया नेऊ की दहा पिशव्या नेऊ, काय ते एक सांगा, असं म्हणून तो निघून गेला. रुख्माबाईंनी लगेच तातडीची बैठक बोलावली.

पहिली पिशवी खाण्याची, यावर मतदानसुद्धा झालं नाही. चिवडा, भाकरी, ठेचा, लोणचं, आणि लोणचं सांडलं तर दुसरं लोणचं. दुसरी पिशवी कपड्यांची. प्रत्येकीची एक जादा साडी टाकली की ती भरत होती. आता तिच्यात स्वेटर, शाली, छत्र्या घालायच्या तर साड्या काढाव्या लागणार, आणि साड्या ठेवायच्या तर स्वेटर घरी. म्हणजे प्रश्न एवढाच होता की चिखलदऱ्याला हवा कशी राहील.

आता मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या हवेचं कोण सांगणार? सकाळी चुलीपासून उठवत नाही, दुपारी अनवाणी अंगणात उतरवत नाही, आणि संध्याकाळी मन आलं तर गारा. रुचीनं मोबाइल बघितला. त्यात एकाच दिवशी सूर्य, ढग आणि वीज, तिन्ही चित्रं होती. "मौसम का क्या भरोसा," असं म्हणून तिनं मोबाइल पालथा घातला. मग रुख्माबाईंच्या मालकांना, पुनारामला विचारलं. त्यांची तीस वर्षं जंगलात वनमजुरीत गेलेली. ते बाहेर जाऊन बराच वेळ आभाळाकडं बघत राहिले आणि आत येऊन म्हणाले की पाणी येईल, नाही तर येणार नाही.

अर्धा तास भांडण झालं. शेवटी रुख्माबाईंनी सतरंजीवर हात आपटला आणि मतदान घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, अध्यक्षबाई, हवामानावर मतदान होत नसतं.

"काऊन? सरपंचावर होते, हवामानावर काऊन नाही?"

मी वही उघडली. हात वर झाले. उन्हाला सहा, थंडीला तीन, पावसाला एक. पावसाचं ते एक मत सुशिलाबाईंचं. त्यांच्या गोवऱ्या बाहेर वाळत होत्या आणि त्यांचं लक्ष तिकडंच होतं. थंडीच्या तिघींत मी होते. पण सचिवाचं काम आपलं मत लिहिणं नाही, जे ठरलं ते लिहिणं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ठराव क्रमांक चार. दिनांक चार ते सहा मार्च या काळात चिखलदरा येथे ऊन राहील, असे बहुमताने ठरले. ठराव क्रमांक पाच. सबब कोणीही स्वेटर, शाल, कानटोपी अथवा छत्री सोबत घेऊ नये. खाली दहाजणींच्या सह्या आणि अंगठे.

निघायच्या दिवशी पहाटे खेमराजनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझ्या पर्सच्या बाजूला आपला स्वेटर आणून ठेवला. मी तो उचलून खुंटीला टांगला. कोण पाहून राह्यलं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, वही पाहून राह्यली. आणि पातळ वॉयलच्या साडीत ताठ मानेनं घराबाहेर पडले. अंगावर काटा आला होता, पण तो अभिमानाचा आहे अशी मी माझी समजूत घातली.

जीपमध्ये बसताना मला वाटलं की बायका बैठकीपासून जरा जाड झाल्यात. सुशिलाबाई दारातून सरळ जाईनात, म्हणून आडव्या होऊन गेल्या. रुचीचे दंड एकदम भरलेले दिसत होते. रुख्माबाईंच्या मांडीवर एक गाठोडं होतं आणि त्या ते छातीशी धरून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, पूजेचं आहे, हात लावू नको. मी हात लावला नाही. मी भोळी आहे की मूर्ख, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

नागपूरला पोचेपर्यंत चांगलं ऊन तापलं. मी मजेत होते. बाकीच्या नऊजणींची मात्र दशा बघवत नव्हती. तोंडं लाल, कपाळावरून घामाच्या धारा, आणि तरी पदर गळ्यापर्यंत गच्च आवळलेला. मी म्हटलं, पदर सैल करा, वारा लागू द्या. एकीनंही केला नाही. शहरात आल्यावर बायका कशा मर्यादेनं राहतात, याचं मला कौतुक वाटलं. रुख्माबाई घाम पुसत म्हणाल्या की बघ, ठरावाप्रमाणं ऊन पडलं की नाही. मला मनातल्या मनात लाज वाटली. मी थंडीला मत दिलं होतं, आणि हवेनं बहुमत पाळलं होतं.

परतवाड्याच्या पुढं घाट लागला आणि हवेनं पक्ष बदलला. आधी ढग आले, मग वारा, मग टपावर ताडताड गारा. चिखलदऱ्याला उतरलो तेव्हा माझ्या पायांना जमीन लागत नव्हती, इतकी थंडी. राहायची खोली मोठी, खिडक्या फटींच्या, आणि पांघरायला एकेक चादर. मी सहज म्हटलं, थंडी भारीच आहे, नाही?

"कुठं?" सुशिलाबाई म्हणाल्या.

मी रुचीला विचारलं. तिला काही थंडी वाटत नव्हती. मग बाकीच्यांना विचारलं. एकीलाही वाटत नव्हती. नऊजणी भिंतीला टेकून आरामात चिवडा खात बसल्या होत्या आणि मी एकटी लटलट कापत होते. मला वाटलं हिवताप भरला. रुख्माबाईंनी कपाळाला हात लावला, गळ्याला हात लावला आणि म्हणाल्या, "ताप नाही तुले. भाषणाचं भेव हाय."

हे ऐकून माझं अवसान गळालं. कारण एक बाई चुकेल, नऊ कशा चुकतील? थंडी नसताना मी कापत होते, म्हणजे मी भ्यालेच होते. देवरीला भ्याले तशीच. सकाळी उठले तेव्हाही कापत होते, तोंड धुताना कापत होते, आणि ज्या पत्र्याच्या सभागृहात कार्यक्रम होता तिथं शिरताना तर इतकी कापत होते की दारावरच्या माणसानं मला हात देऊन आत नेलं.

सगळीकडचे गट आले होते. दोनशे बायका, समोर साहेब, मध्ये माईक. दोन-तीन गट बोलून झाले आणि माझं नाव पुकारलं. मी गेले. माईक धरला तर माईक वाजायला लागला, म्हणून सोडला. तोंड उघडलं.

"न... न... न... न..."

पुढं शब्द जाईना. दातावर दात आपटत होते आणि तो आवाज माईकमधून सगळ्या सभागृहात जात होता. मागच्या रांगेतून हसू आलं. साहेबांनी दयेनं बघितलं, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. यावेळी तर 'नमस्कार'सुद्धा पुरा झाला नव्हता. आमच्या रांगेत दोघी-तिघी रुचीला कोपरानं ढोसत होत्या. मला वाटलं, संपलं. आता खाली जावं आणि तसंच चालत चिचगडला निघावं.

तेवढ्यात रुख्माबाई उठल्या. गाठोडं घेऊन तडक वर आल्या, आणि माझ्या शेजारी उभ्या राहून माईकमध्येच बोलल्या.

"हसू नका वो. भेव नाही तिले, थंडी वाजून राह्यली. थंडीच हाय इथं, आमालेही वाजते. आमचा ठराव चुकला."

एवढं म्हणून त्यांनी पूजेचं गाठोडं सोडलं. आतून पुनारामची जाड खाकी जर्सी निघाली. ती त्यांनी माझ्या डोक्यातून खाली ओढली. अजून ऊब होती तिला, रात्रभर चादरीखाली घातली होती आणि सकाळपासून छातीशी धरली होती ना.

मग आमची रांगच उठली. सुशिलाबाईंनी पदर सोडला आणि आत एकावर एक दोन स्वेटर निघाले. त्यातला वरचा मला दिला. कोणी परकराखालचे पुरुषी पायमोजे काढले, कोणी कमरेला गुंडाळलेली शाल उलगडली. उन्हाला मत देणाऱ्या सहाजणींकडून जास्त माल निघाला. शेवटी रुची आली. तिनं पोलक्यातून कानटोपी काढली आणि स्वतःच्या हातानं माझ्या कानांवर नीट ओढली. "बोलो दीदी," ती हळूच म्हणाली.

दात थांबले. आणि दात थांबल्याबरोबर मला सगळं समजलं. नागपूरचा घाम समजला, ते "कुठं?" समजलं, रात्रभर माझ्या बाजूला लागलेली ती गाढ झोप समजली. मला असा संताप आला की काय सांगू. आणि रागात मला कधीच भीती वाटत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. पाठ केलेलं भाषण गेलं उडत.

"मी चिचगडची संध्या," मी म्हटलं. "आमच्या गटात दहा बाया हायेत. सगळे ठराव बहुमतानं होतात. इथं ऊन पडंल, हाही बहुमतानंच झाला. मी थंडीले मत देलं होतं. तरी ठराव पाळला तो मी एकटीनं. या नऊजणी बसल्या हायेत, पाहून घ्या."

सभागृह हसून हसून गडगडलं. पण आता ते माझ्यावर हसत नव्हते, माझ्यासोबत हसत होते, आणि त्यातला फरक अंगाला कळतो. मग मी थांबलेच नाही. मध काढायला कोण झाडावर चढते, गाळताना कोण बोटं चाटते, भांडण कोण लावते आणि बाळंतपणाला कोण रात्र जागवते, सगळं सांगितलं. साहेबांनी दोनदा घंटी वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा मी त्यांनाच म्हटलं, थांबा जरा, महत्त्वाचं सांगून राह्यली. शेवटी टाळ्या पडल्या त्या अशा की पत्र्यावर पुन्हा गारा आल्या असं वाटलं.

अंगावरच्या कोणाकोणाच्या कपड्यांत माझा पाय अडकू नये म्हणून सांभाळत मी खाली उतरले. मला वाटलं, रुख्माबाई आता पाठीवरून हात फिरवतील, आणि मला पुन्हा रडू येईल. त्या पातळ साडीत दोन्ही हात काखेत घालून, ओठ निळे करून उभ्या होत्या.

"बोलली ते बेस बोलली. पन थांबली काऊन नाही वो? काढ माझी जर्सी, चौदा मिनिटं झाली कुडकुडून राह्यली मी."

मी जर्सी काढून त्यांच्या अंगात घातली आणि बाह्या नीट खाली ओढल्या. बाकीच्यांचे स्वेटर, शाल, पायमोजे जिचे तिला परत केले. कानटोपी मात्र मी गावात पोचेपर्यंत दिली नाही.